संक्रांतीच्या आधी घरात सांगा

वाचकाचं पत्र, थोडक्यात

ठाणे जिल्ह्यातल्या एक वाचक. वय ३९, शाळेच्या कार्यालयात नोकरी, पगार २४,०००. नवरा कारखान्यात, पगार ३८,०००. घरी सासूबाई आणि आठवीतली मुलगी. नवऱ्याने दिवाळीला बोनसमधले १५,००० हातावर ठेवले आणि "ह्यात भागव" म्हणाला. यंदा नणंद मुलाबाळांसह पाच दिवस राहायला होती. कपडे, सासूबाईंची साडी, बाहेरून मागवलेला फराळ, भाऊबीज, माहेरचा प्रवास हे सगळं बाईंच्या क्रेडिट कार्डावर गेलं. आज त्यावर ६२,००० बाकी आहेत. दोन महिने त्या मिनिमम रक्कम, म्हणजे ३,१०० भरताहेत. दिवाळीत घेतलेल्या फ्रिजचा हप्ता वेगळाच. भरीला, बारा दिवसांपूर्वी "पार्सलचा पत्ता अपुरा आहे, ५ रुपये भरा" असा मेसेज आला. त्यांनी कार्डाचे तपशील आणि ओटीपी भरला आणि ४,९०० गेले. हे त्यांनी ना बँकेला सांगितलं, ना घरी. आता एक अ‍ॅप पाच मिनिटांत ५०,००० कर्ज द्यायला तयार आहे. दुसरा पर्याय म्हणजे आईने दिलेल्या पाटल्या गहाण टाकणं. ३०,००० ची एक एफडी आहे, पण ती "अडीअडचणीची, हात न लावायची". फेब्रुवारीत भिशी लागणार आहे, २४,००० ची. त्या विचारतात: अ‍ॅप की पाटल्या? आणि नवऱ्याला कळू न देता हे कसं निस्तरू?

उत्तर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकडे पाहिले. दुसऱ्यांदा 'कळू न देता' हे शब्द किती वेळा आलेत ते मोजलं. चार वेळा. ६२,००० चा आकडा एकदाच आहे.

पण त्याच्याही आधी एक काम. ते हे वाचून व्हायच्या आत उरकलंत तरी चालेल. पार्सलवाल्यांबद्दल तुम्ही 'गेले ते गेले' असं लिहिलंय. गेले ते ४,९००. कार्ड मात्र अजून चालू आहे, आणि त्याचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे त्या लोकांकडे आहेत. बँकेच्या अ‍ॅपमधून कार्ड ब्लॉक करा, नाहीतर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करा. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या 'कस्टमर केअर'ला फोन करू नका, तिथेही कधीकधी हीच मंडळी बसलेली असतात. मग १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करून तक्रार नोंदवा. तारीख, रक्कम, मेसेज कुठल्या नंबरवरून आला, एवढं जवळ ठेवा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहून घ्या.

पैसे परत मिळतील का? बारा दिवसांनंतर मला फार आशा वाटत नाही. १९३० चा खरा उपयोग पहिल्या काही तासांत असतो. तोवर रक्कम चोरांच्या पहिल्या-दुसऱ्या खात्यात पडून असते आणि बँकांना ती तिथेच अडवता येते. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम असा, की चूक ना ग्राहकाची ना बँकेची, मधल्या तिसऱ्याच कुणाची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर भुर्दंड त्याच्या माथी येत नाही. ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे तुमच्या बाबतीत तो एक फोन गेल्या पैशांसाठी फार कामाचा नसला, तरी पुढच्यांसाठी आहे. आणि हो, काही दिवसांनी कुणी गोड आवाजात "तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा" म्हणालं तर लगेच फोन ठेवा. एकदा फसलेल्या माणसाला दुसरा फोन बऱ्याचदा येतो.

तुम्ही बँकेला का नाही कळवलंत, हे पत्रात एका ओळीत आहे: "बँकेतून घरी फोन आला तर?" ही ओळ लक्षात ठेवा, तिच्याकडे परत येऊ.

आता मिनिममचं गणित. तुम्हाला वाटतंय की हप्ते चालू आहेत, म्हणजे कर्ज हळूहळू का होईना उतरतंय. बहुतेक कार्डांवर थकबाकीचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, वर्षाला बेचाळीस टक्के. ६२,००० वर महिन्याचं व्याज २,१७०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३९०. एकूण २,५६०. तुम्ही भरता ३,१००. मुद्दलातून उतरले ५४० रुपये. पुरणपोळीची खरेदीसुद्धा इतक्यात होत नाही. शिवाय किराणा अजून त्याच कार्डावर होतोय असं दिसतं. पूर्ण बिल भरणाऱ्याला जे पन्नासेक दिवस बिनव्याजी मिळतात, ते थकबाकी ठेवणाऱ्याला मिळत नाहीत. नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. तुमची तूरडाळ सध्या बेचाळीस टक्के व्याजाने शिजतेय. चोरीमुळे ब्लॉक केलेल्या कार्डाच्या जागी नवं कार्ड येईल. ते पाकिटातून न उघडता कपाटात ठेवा.

अ‍ॅपच्या बाबतीत मी जरा कडकच बोलणार आहे. सगळी कर्ज देणारी अ‍ॅप बनावट नसतात. पण नियम असा, की कर्ज देणारी बँक किंवा वित्तसंस्था कोण ते आधी स्पष्ट दिसलं पाहिजे, सगळे खर्च धरून वार्षिक व्याज किती ते सांगणारं पत्रक सहीआधी मिळालं पाहिजे, पैसे थेट तुमच्या खात्यात आले पाहिजेत, आणि अ‍ॅपने तुमच्या फोनमधले संपर्क आणि फोटो मागता कामा नयेत. बँकांनी आणि वित्तसंस्थांनी कळवलेल्या अ‍ॅपांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. तुमच्या अ‍ॅपने संपर्क 'अलाऊ' करायला सांगितलं आणि तुम्ही तिथे थांबलात, असं लिहिलंय. थांबलात हे फार बरं झालं. अशी अ‍ॅप मंजूर रकमेतून फी आधीच कापून घेतात, आठवड्याभरात परतफेड मागतात, आणि मग शाळेच्या मुख्याध्यापकांपासून माहेरच्या शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना तुमच्या नावाने मेसेज जातात. फोटो बिघडवून पाठवल्याच्या तक्रारी पोलिसांकडे पुष्कळ आहेत. म्हणजे नवऱ्याला कळू नये म्हणून जे कर्ज घ्यायचं, तेच अख्ख्या गावाला कळवणार. अ‍ॅप काढून टाका.

राहिल्या पाटल्या. मी नोकरीतली चोवीस वर्षं एका सहकारी बँकेत काढली, त्यातली सहा सोनेतारणच्या खिडकीवर. तुळशीचं लग्न लागलं की दुपारी दोन ते चारच्या वेळात बायका यायला लागायच्या. मुलं शाळेत, पुरुष कामावर. रुमालाच्या गाठीत दागिने. बँकेचा सोनार वजन करेपर्यंत काचेवर बोट फिरवत उभ्या राहायच्या. व्याजाचा दर विचारणाऱ्या थोड्या. बहुतेकींचा प्रश्न एकच: "घरी पत्र येईल का हो?" मी 'नाही' म्हणायचे, आणि मुदत संपेपर्यंत ते खरंही असायचं. मुदत टळली की नोटीस रजिस्टर पोस्टाने जायची आणि दुपारी दार उघडणाऱ्याच्या हातात पडायची. ती बहुधा सासू असायची.

गहाण ह्या शब्दाला आपल्याकडे उगाच काळिमा लागलाय. नुसता हिशोब पाहिला तर बँकेचं सोनेतारण तुमच्या कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. दर नऊ ते बारा टक्क्यांच्या दरम्यान धरला तर ६२,००० वर महिन्याला पाच-सहाशे रुपये व्याज, २,५६० च्या जागी. पण बँकेतच जा, नाहीतर नीट चौकशी करून पतसंस्थेत. पावतीवर दागिन्याचं वजन, कस आणि मुदत लिहिलेली असलीच पाहिजे. सावकाराकडे जायची वेळ आलीच, तर महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने सावकाराला परवाना लागतो. तो मागून बघा. "आपल्यात कसला परवाना" म्हणाला तर उठून या. आणखी एक गोष्ट बायका विसरतात. नुसतं व्याज भरत राहिलं तर मुद्दल तिथेच उभं असतं, आणि वर्ष कसं सरतं कळत नाही.

तरीही मी तुम्हाला पाटल्या ठेवा असं सांगणार नाही, आणि कारण अगदी घरगुती आहे. तीन आठवड्यांवर संक्रांत आहे. हळदीकुंकवाला तुमच्या हातात पाटल्या नसतील ते सासूबाईंच्या लक्षात यायला किती वेळ लागेल? मग आधी त्यासाठी एक खोटं, त्याला टेकू म्हणून दुसरं.

आता ती ओळ. "बँकेतून घरी फोन आला तर?" तुम्ही चोरी कळवली नाहीत ती ह्या भीतीने. बँकेशी हप्ते पाडून घ्यायचं बोलला नाहीत, तेही ह्याच भीतीने. नवऱ्याच्या कारखान्यात कामगारांची पतपेढी आहे आणि तिथे कर्ज स्वस्त मिळतं, असं तुम्हीच लिहिलंय. तो दरवाजाही ह्याच भीतीने बंद. ह्या लपवाछपवीचाही एक व्याजदर आहे, ताई, आणि सध्या तुम्ही तोच भरताय.

नवऱ्याबद्दल तुम्ही लिहिता, "तो खूप ओरडेल." ओरडेलही. पण मला त्या १५,००० मध्ये जरा घुटमळायचंय. घरात पाच दिवस चार माणसं जास्त, भाऊबीज, सासूबाईंची साडी, नणंदेच्या मुलांचे कपडे. त्याने आकडा ठरवताना यादी पाहिली नाही. तुम्ही यादी पुरी करताना आकडा सांगितला नाही. दोघांनी मिळून केलेली दिवाळी आहे ही, बिल तेवढं एकाच्या नावावर आलंय. पत्रात खर्चाच्या सगळ्या बाबी आहेत, त्यात तुमच्या स्वतःसाठी घेतलेली एकही वस्तू मला सापडली नाही. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. घरात बोलायला बसाल तेव्हा गुन्हेगारासारखं बसू नका, म्हणून सांगतेय.

एक मात्र तुम्हीच तपासा. ओरडणं वेगळं आणि हात उचलणं वेगळं. तुमची, किंवा हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाची भीती त्या दुसऱ्या जातीची असेल, तर एकटीने बसून सांगू नका. भावाला, बहिणीला, कुणालातरी सोबत घ्या. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. तातडीला ११२.

तसं नसेल तर रविवारी सकाळी, सासूबाई देवळात गेल्या की बोला. जेवताना नको आणि रात्री तर मुळीच नको. हातात एक कागद ठेवा. एका बाजूला कुठे किती गेले, दुसऱ्या बाजूला ते कसे फेडायचे. सुरुवात लांबण लावून करू नका. "माझ्या कार्डावर ६२,००० थकलेत, फसवणुकीत ४,९०० गेलेत, बँकेला आणि पोलिसांना कळवलंय, आणि फेडायचं असं असं ठरवलंय," एवढ्यावर पहिला श्वास घ्या. तो जे काही बोलायचं ते बोलेल. मग कागद त्याच्यापुढे सरकवा.

त्या कागदावर काय लिहायचं ते सांगते. तुमची एफडी मोडा. अडीअडचणीची म्हणून ठेवली होतीत ना? मग अडचण कशी दिसेल असं वाटलं होतं तुम्हाला? सहा-सात टक्के मिळवणारे पैसे एका खिशात आणि बेचाळीस टक्के खाणारं कर्ज दुसऱ्या खिशात, हा तोट्याचा धंदा आहे. मुदतीआधी मोडली की व्याज थोडं कमी मिळेल, बाकी काही नाही. फारच जिवावर येत असेल तर एफडीवर कर्जही मिळतं, तिच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्तीने. पण मी मोडाच म्हणेन. त्यातले २७,००० कार्डात भरा, ३,००० बचत खात्यात राहू द्या.

उरले ३५,०००. कार्डाच्या बँकेला फोन करा आणि थकबाकीचे बारा हप्ते करून मागा. अशी सोय बहुतेक बँका देतात. दर बँकेप्रमाणे बदलतो. सोळा टक्के धरला तर महिन्याला सुमारे ३,१७५ पडतील, वर थोडा जीएसटी आणि एकदाची प्रक्रिया फी. आता तुम्ही महिन्याला किती भरताय? ३,१००. जवळजवळ तेवढ्याच पैशांत, जे आज निव्वळ व्याजात विरताहेत, पुढच्या वर्षी ह्या सुमाराला कर्ज संपलेलं असेल. आणि नवरा पतपेढीतून काढायला तयार झाला, तर तिथला दर बँकेच्या हप्त्यांशी ताडून पाहा. जो कमी तो घ्या. मला विचाराल तर पतपेढीचा एक फायदा आकड्यात दिसत नाही. हप्ता पगारातूनच कापला जातो, त्यामुळे चुकत नाही.

फ्रिजच्या 'नो कॉस्ट' हप्त्यांबद्दल फार बोलत नाही, तो आता दारात आलाच आहे. फुकट काहीच नसतं. व्याज कुठेतरी किमतीत किंवा गेलेल्या सवलतीत बसलेलं असतं. ५ तारखेला हप्ता कापला जातो त्या दिवशी खात्यात पैसे असतील एवढं बघा. एकदा परत गेला की फायनान्स कंपनीही दंड लावते आणि तुमची बँकही.

भिशीच्या २४,००० ना कार्डाकडे वळवू नका. मोह होईल. पण एप्रिल-जूनमध्ये शाळेची फी आणि पुस्तकं येतातच, आणि ती पुन्हा कार्डावर गेली तर हे सगळं पहिल्यापासून सुरू होईल. फी बाजूला काढून उरतील ते त्या ३,००० च्या सोबतीला.

ह्याच अवस्थेतून जाणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी, कारण असली पत्रं माझ्याकडे दिवाळीनंतर नेहमीच येतात. खिसा रिकामा आणि मन धास्तावलेलं असलं की माणूस घाईत असतो, आणि चोरांचं सगळं काम घाईवर चालतं. "आज रात्री वीज तोडणार", "पॉइंट उद्या बाद होणार", "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये बंदी असलेला माल सापडलाय, व्हिडिओ कॉलवरून हलू नका." डिजिटल अटक नावाचा प्रकार आपल्या कायद्यात नाही. कुठलाही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि पैसे तर मागतच नाही. पैसे *घ्यायला* यूपीआय पिन लागत नाही. पिन टाकायला सांगितला म्हणजे तुमच्याच खात्यातून जाणार. सध्या लग्नसराई आहे, तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पत्रिका उघडण्याआधी ती फोटो किंवा पीडीएफ आहे ना ते बघा. फाइलच्या नावाशेवटी एपीके असेल तर ती पत्रिका नव्हे, फोनमध्ये शिरणारं अ‍ॅप आहे, मग पाठवणारा सख्खा मामा का असेना. बिचाऱ्या मामाचाच फोन त्यांच्या ताब्यात गेलेला असतो.

दुसरी गोष्ट थकलेल्या हप्त्यांची. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर थकबाकीसाठी फोन करायचा नाही, शिवीगाळ करायची नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मोडला तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. १४४४८ ह्या नंबरवर माहिती मिळते.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय, की यंदाचं हळदीकुंकू रद्द करू का. कशाला? वीस बायकांना वाण म्हणून मागच्या वर्षी स्टीलचे डबे दिलेत, यंदा दहा-दहा रुपयांची हळदीची पुडी द्या. तिळगूळ घरी करा. सासूबाईंचा हात त्यात चांगला आहे, असं तुम्हीच लिहिलंय. त्यांना तीळ भाजायला बसवा. आणि पाटल्या घाला.